सातारा: एकट्या राहणाऱ्या वयस्कर माणसांना शेवटपर्यंत आपल्याच आळीत राहता यावं म्हणून काय करता येईल?

तळ्याकाठची
५ ऑक्टोबर, रात्री ९.४०

मंगळवार पेठेत, तळ्याच्या वरच्या अंगाला आमचं घर. माहेरही साताऱ्यातच, त्यामुळे चढ-उतार लहानपणापासून पायात बसलेला. पण सासूबाईंना एकोणऐंशी लागलं आणि तोच चढ त्यांच्यासाठी वेस होऊन बसला. राजवाड्यापर्यंत उतरायला त्या आजही तयार असतात. परत येताना मध्ये टेकायला जागा नाही, म्हणून उतरतच नाहीत.

लिहायला बसले त्याला कारण मे महिन्यातली गोष्ट. आमच्या समोर ८४ वर्षांच्या आजी एकट्या राहतात. त्या दिवशी त्यांच्या दाराच्या कडीला दुधाची पिशवी लटकत होती. मी सात वाजता पाहिली. साडेआठला घंटागाडीत कचरा टाकायला गेले तेव्हा पुन्हा पाहिली, मनात आलं की आजी आज उशिरा उठलेल्या दिसतात. दहाला गॅलरीतून परत दिसली. साडेदहाला जाऊन हात लावला तर पिशवी कोमट झालेली. हाका मारल्या, कडी वाजवली, आतून काही नाही. शेवटी माझा मुलगा परसाच्या भिंतीवरून आत उतरला. आजी मोरीत पडलेल्या होत्या. आदल्या रात्री आठच्या सुमाराला पाय धुवायला गेल्या आणि घसरल्या. साडेचौदा तास ओल्या फरशीवर. शुद्धीवर होत्या. मला बघून पहिलं काय म्हणाल्या, तर "दूध नासलं असेल गं."

खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं, मुलगा पुण्याला घेऊन गेला. मुलगा-सून जिवाला जीव देणारी माणसं आहेत, त्यांच्याबद्दल माझी एक शब्दाची तक्रार नाही. तरी तीन महिन्यांनी आजी वॉकर घेऊन परत आल्या. म्हणाल्या, "तिथं सगळं होतं, पण दारावरून कुणी जात नव्हतं."

ती पिशवी मी तीनदा पाहिली होती, हे माझ्या डोक्यातून जात नाही.

मग मी आणि शेजारीण एका संध्याकाळी बसून घरं मोजली. आळीत ३१ घरं. त्यातल्या ११ घरांत ६५ च्या आतलं कुणीही राहत नाही, आणि त्या अकरांतली ५ माणसं अगदी एकेकटी. गणपतीच्या वर्गणीतले थोडे पैसे शिल्लक आहेत. मंडळातली मुलं मनापासून म्हणतात की विरंगुळा केंद्रासाठी एक हॉल बांधूया. मला मात्र वाटतं, हॉलपर्यंत जो चालत येऊ शकतो त्याचं आधीच बरं चाललेलं असतं. ज्याला खरी गरज आहे तो दाराआड आहे.

तुमच्या गावात, पेठेत कुणी काही केलंय का? काय टिकलं, काय बंद पडलं, दोन्ही सांगा.

---

फिजिओ_मिरज
५ ऑक्टोबर, रात्री १०.५५

ताई, स्वतःला बोल लावू नका. तुम्ही साडेदहाला गेलात म्हणून त्या आज चालतायत. पडून राहण्याचे तास जितके वाढतात तितकं नुकसान वाढत जातं. एकाच कुशीवर दाबले गेलेले स्नायू झिजून त्यांचा भार मूत्रपिंडावर येतो, अंगातलं पाणी कमी होतं, कातडीला जखमा होतात, पुढे न्यूमोनिया. पडणं टाळणं हे एक काम. पडल्यावर लवकर कळणं हे वेगळं काम, आणि हे दुसरं आळी करू शकते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या सांगण्यानुसार ६५ च्या पुढच्या साधारण तीनांपैकी एक जण वर्षातून एकदा तरी पडतो. माझ्याकडे येणारे बहुतेक घरातच पडलेले असतात, तेही मोरीत किंवा रात्री लघवीला उठताना. आमच्याकडच्या जुन्या घरांत मोरीला उंबरा, खाली गुळगुळीत शहाबादी आणि धरायला फक्त नळ. नळाला धरून उठणारी माणसं मी इतकी पाहिली आहेत! नळ हातात येतो आणि माणूस खाली. भिंतीत दोन ठिकाणी पक्का स्टीलचा दांडा बसवा, एक कमोडजवळ, एक अंघोळीच्या जागेजवळ. पाट काढून टाका, प्लास्टिकची भक्कम खुर्ची ठेवा. आणि मोरीच्या दाराला आतून कडी लावायची नाही. हे सांगायला संकोच वाटतो, पण सांगा. पडदा लावा, बाहेर टॉवेल टांगा म्हणजे आत कुणी आहे हे कळतं.

रात्री अंथरुणातून उठताना एकदम उभं राहायचं नाही. काठावर बसायचं, पाय हलवायचे, वीस आकडे मोजायचे, मग उठायचं. रक्तदाबाच्या आणि झोपेच्या गोळ्यांनी उठल्याबरोबर चक्कर येते ती अशीच टळते. दिवसा हात न लावता खुर्चीतून उठणं-बसणं दहा वेळा. मांड्यांत जोर आला की निम्मी भीती जाते. एकदा पडलेलं माणूस पुन्हा पडेन या धास्तीनं हालचालच बंद करतं, त्यानं पाय आणखी लुळे होतात आणि ते खरोखरच पुन्हा पडतं.

---

जावळीचा_पोरगा
६ ऑक्टोबर, सकाळी ७.१५

तुमच्या आळीत निदान समोर कुणीतरी आहे ताई. आमची वाडी जावळीत डोंगराच्या पोटाला. २२ उंबरा, त्यातलं १४ बंद. वडील माथाडीत होते, मी पण नवी मुंबईतच. आमच्या भागातलं घरटी एक माणूस तरी मुंबईला असतंच. वाडीत राहिल्यात ती सगळी साठीच्या पुढची. दिवाळीला आणि जत्रेला चार दिवस गजबजाट, मग परत कुलपं.

एसटी ७५ च्या पुढं मोफत झाली २०२२ ला, ६५ ते ७५ ला अर्धं तिकीट. लई चांगलं झालं, माझ्या आईला त्याचा अभिमान हाय, कार्ड पदरात बांधून ठेवते. पण एसटी थांबते खाली फाट्यावर. फाटा ते वाडी दोन किलोमीटर चढ. मेढ्याला दवाखान्यात जायचं तर फुकट एसटीसाठी आधी दीडशे रुपये देऊन कुणाच्या तरी गाडीवर फाट्यापर्यंत जावं लागतं. तेवढ्यासाठी आई शुगरची गोळी दोन दोन महिने आणत नव्हती. मला फोनवर म्हणायची, "घेते की रोज."

मुंबईच्या आमच्या ग्रामस्थ मंडळानं देवळाच्या कळसाला वर्गणी काढली, मी पण दिली. पण गेल्या मिटिंगला मी उभा राहिलो आणि म्हटलं, आठवड्यातनं एक दिवस, बाजारच्या दिवशी, वाडीतल्याच एका पोराच्या जीपला डिझेल घालूया. तो सकाळी सगळ्यांना खाली नेईल, दवाखाना-बाजार करून दुपारी वर आणील. वीस-बावीस जणांनी महिन्याला दोनशे द्यायचं ठरलं. पाच महिने झालं, चालू हाय. जीपमधी बसून म्हाताऱ्या माणसांच्या ज्या गप्पा चालतात त्यानंच निम्मं दुखणं जातंय, असं आई म्हणते.

---

गुलमोहर_सदरबझार
६ ऑक्टोबर, सकाळी ११.०५

ताईंच्या भावना पोचल्या, पण हॉलबद्दलचं मत पटलं नाही. आई गेल्यावर माझे वडील चार महिने कुणाशी बोलत नव्हते. जेवण ताटात तसंच राहायचं. शेजारच्या काकांनी त्यांना ओढून ज्येष्ठ नागरिकांच्या कट्ट्यावर नेलं. तिथं वर्तमानपत्र, कॅरम, कुणाच्या वाढदिवसाला पेढे, एवढंच. पण वडील दाढी करायला लागले. सकाळी साडेनऊला तयार होऊन दारात उभे राहायला लागले. "चालत येणाऱ्याचं बरंच चाललेलं असतं" हे खरं नाही. चालता येणारी माणसंही आतून खचलेली असतात.

---

तळ्याकाठची
६ ऑक्टोबर, दुपारी २.३०

गुलमोहर, तुमचं बरोबर आहे. मी घाईनं लिहिलं. दाढी करायला लागले हे वाचून मला माझे वडील आठवले.

तरी एक सांगते. मी मुद्दाम दोन ठिकाणची विरंगुळा केंद्रं बघून आले. दोन्हीकडे बायका जवळजवळ नव्हत्याच. आमच्या अकरा घरांत मात्र बायकाच जास्त आहेत, बहुतेक नवरा गेलेल्या. त्यांना कट्ट्यावर जाऊन बसायची सवयच कधी नव्हती. त्यांचं बसणं म्हणजे ओट्यावर, हातात निवडायची मेथी असताना. रस्ता रुंद होताना आमच्या आळीतले ओटे गेले आणि त्यांच्याबरोबर ते बसणंही गेलं. त्यांच्यासाठी हॉलपेक्षा ओटा हवा, असं मला आता वाटायला लागलंय.

---

टपालकाका
६ ऑक्टोबर, सायंकाळी ६.२०

टपाल खात्यात ३६ वर्षं काढली, म्हणून एक हाताशी असलेलं काम सुचवतो. नोव्हेंबर तोंडावर आहे. पेन्शनवाल्यांना हयातीचा दाखला द्यावा लागतो आणि त्यासाठी ऐंशीची माणसं बँकेच्या पायऱ्या चढतात. घरी पोस्टमन येऊन मोबाइलवर जीवन प्रमाण, म्हणजे हाच दाखला डिजिटल, काढून देतो, शुल्क ७० रुपये. फार थोड्या लोकांना माहीत आहे. आयुष्यभर भांडी घासून, शेतात राबून बोटांच्या रेषा पुसल्या जातात, मग अंगठा उमटत नाही. माणूस घाबरतो की आता पेन्शन बंद. घाबरू नये, चेहऱ्यावरूनही दाखला निघतो. फक्त उजेडात बसवा आणि डोळ्यांची उघडझाप करायला सांगा.

तसंच ७० च्या पुढच्या खातेदारांना बँकेनं घरपोच सेवा द्यावी असं रिझर्व्ह बँकेनं २०१७ सालीच सांगितलेलं आहे. शाखेत लेखी अर्ज द्या, तोंडी विचारू नका. तोंडी विचारलं की "बघू" म्हणतात.

आळीत एक दिवस ठरवा, पोस्टमनला आधी कळवा, अकरा घरांचे दाखले एका सकाळी होतील. चहा तेवढा द्या त्याला.

---

गावभाग_सांगली
७ ऑक्टोबर, रात्री १२.१०

ऑगस्ट २०१९. सांगलीत कृष्णेला पूर. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट, पाणी गेलं ५७ च्या वर. आमच्या गल्लीत तिसऱ्या रात्री बोट आली. बोटवाला विचारत होता, कुणाला आधी न्यायचं? आणि आम्ही गल्लीतली धट्टीकट्टी माणसं एकमेकांच्या तोंडाकडे बघत होतो. मागच्या वाड्यात माडीवर एक आजोबा अर्धांगानं पडून आहेत हे कुणाच्या ध्यानातच नव्हतं. त्यांच्या पत्नीनं खिडकीतून ताट वाजवलं तेव्हा कळलं. खुर्चीला दोर बांधून उतरवलं त्यांना. त्या काकूंच्या कमरेला गोळ्यांची पिशवी बांधलेली होती, बाकी काही घेतलं नव्हतं.

पाणी ओसरल्यावर आम्ही वही केली. साधी शंभर पानी. कुठल्या घरात कोण, कितव्या मजल्यावर, चालता येतं का, कुठल्या गोळ्या, ऐकू येतं का, जवळच्या नातेवाईकाचा नंबर, आणि एक रकाना: "यांना उचलायला कोण जाणार". त्या रकान्यात गल्लीतल्याच पोराचं नाव. २०२१ ला पाणी पुन्हा आलं तेव्हा वही काढली आणि रस्ता बुडायच्या आत सगळी म्हातारी माणसं विश्रामबागेकडे पोचती केली. वहीवर कुणाचा हक्क नाही, कुणाला दाखवायची नाही, दर जूनच्या पहिल्या रविवारी घरोघरी जाऊन ताजी करायची. मोबाइलवर ठेवा म्हणणारे बरेच आहेत. पण पुरात पहिल्याच दिवशी मोबाइल बंद पडतात.

तुमच्याकडे पूर नाही. पण वही करा.

---

बक्षीसपत्र
७ ऑक्टोबर, सकाळी ९.४५

थोडं विषयाला सोडून, पण विचारते. माझ्या आत्यानं घर पुतण्याच्या नावावर बक्षीसपत्रानं दिलं, सांभाळीन या शब्दावर. आता तो तिला मागच्या खोलीत ठेवतो आणि दोन वेळचं जेवणही नीट मिळत नाही. काही करता येतं का?

---

कोर्टकचेरी_कराड
७ ऑक्टोबर, दुपारी १.००

येतं. २००७ चा आईवडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह व कल्याण कायदा बघा, कलम २३. सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मिळकत, अट मोडली तर रद्द करून मागता येते. अर्ज प्रांताधिकाऱ्यांकडच्या न्यायाधिकरणात, साध्या कागदावरही चालतो. मात्र ती अट दस्तात लिहिलेली असेल तर काम सोपं होतं, नुसत्या शब्दावर असेल तर झगडावं लागतं. म्हणून हा धागा वाचणाऱ्या प्रत्येकाला हात जोडून सांगतो: घर देऊच नका असं नाही, पण देताना "आमरण राहण्याचा हक्क आणि सांभाळ" ही ओळ दस्तात घाला. पोटगीसाठीही त्याच न्यायाधिकरणात अर्ज करता येतो, कायद्यातली कमाल मर्यादा महिना १०,००० रुपये. आत्यांना आत्ता ताबडतोब मदत हवी असेल तर १४५६७ ही ज्येष्ठांची हेल्पलाइन आहे.

---

गलाईवाला_विटा
७ ऑक्टोबर, रात्री ११.३०

आमचा धंदा गलाईचा, सोनं-चांदी आटवून शुद्ध करायचा. विटा, खानापूर, आटपाडीची आमची माणसं देशभर पसरलीत. मी २२ वर्षं कोझिकोडला. आईवडील गावाकडं, त्यामुळं ताई, तुमचं लिहिलेलं वाचताना पोटात कालवलं.

इथं मी जे बघतोय ते सांगतो. १९९३ साली इथल्या काही डॉक्टरांनी कॅन्सरच्या वेदना कमी करायचा दवाखाना काढला. पुढं त्यांच्या ध्यानात आलं की अंथरुणाला खिळलेला माणूस दवाखान्यात येणार कसा? मग मोहल्ल्यातल्या माणसांनाच शिकवलं. आमच्या दुकानाशेजारचा चहावाला, एक रिक्षावाला, दोन शिक्षिका असे सगळे आठवड्यातनं दोन तास देतात. नर्सबरोबर घरोघरी जातात, जखम धुतात, कातडी बघतात, बसून बोलतात. पैसा दुकानादुकानातल्या डब्यांतून जमतो, आमच्या गल्ल्यावर पण एक डबा आहे. २००८ ला केरळ सरकारनं त्याचं धोरणच केलं आणि पंचायती त्यात आल्या. घरमालकाची आई गेली तेव्हा शेवटचे आठ महिने ती तिच्याच खोलीत, फणसाच्या झाडासमोर होती. आपल्याकडं एवढी मंडळं आहेत, एवढी पोरं आहेत. वाकून पाठीवरची जखम धुवायला शिकवलं तर शिकणार नाहीत का ती?

---

सिस्टर_वाई
८ ऑक्टोबर, दुपारी ३.१५

नक्की शिकतील. पण दोन गोष्टी आधीच पक्क्या करा. मदतीला जाणाऱ्यानं आजी-आजोबांचा पैसा, एटीएम, दागिने यांना हात लावायचा नाही, आणि पहिले काही महिने जोडीनं जायचं. दुसरं, गोळ्या. एका काकांकडे मी रक्तदाबाची एकच गोळी तीन वेगळ्या नावांनी तीन डॉक्टरांची पाहिली आणि ते तिन्ही घेत होते. घरातल्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत घालून वर्षातून दोनदा एकाच डॉक्टरांपुढे ओतायच्या.

७० च्या पुढच्या प्रत्येकाला उत्पन्न न बघता आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं, ऑक्टोबर २०२४ पासून, वर्षाला पाच लाखांपर्यंत. ते काढून ठेवा. पण ते दाखल होऊन घ्यायच्या उपचारांसाठी आहे. रोजच्या गोळ्या आणि तपासणीचे पैसे त्यातून मिळत नाहीत, हेही स्पष्ट सांगा, नाहीतर माणसं आशेनं जाऊन रडवेली परत येतात.

आणि कान तपासा. ऐकू न येणारं माणूस हळूहळू गप्प होतं आणि घरचे म्हणतात डोकं चालत नाही. स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्यासारख्या कारणांत न तपासलेला बहिरेपणा मोठा आहे.

---

पंचाहत्तरी_पार
८ ऑक्टोबर, रात्री ८.००

सगळं वाचलं. मी ७६ वर्षांची, निवृत्त शिक्षिका, सांगलीत एकटी राहते. तुम्ही सगळी चांगली मुलं आहात. पण इथं प्रत्येक जण आमच्यासाठी काय करायचं ते लिहितोय, आमच्याकडून काय घ्यायचं ते कुणीच लिहीत नाही. मला रोज कुणी येऊन "बऱ्या आहात ना" विचारलं तर दहाव्या दिवशी मी दार उघडणार नाही. मला तिसरीतली दोन मुलं वाचायला शिकवायला द्या. मग मी दारात उभी राहीन.

तळ्याकाठची, तुमच्या त्या समोरच्या आजींना विचारलंत का, त्यांना काय करायला आवडेल?

---

तळ्याकाठची
८ ऑक्टोबर, रात्री ८.४५

नाही विचारलं, बाई. उद्या विचारते.

---

तळ्याकाठची
१५ फेब्रुवारी, रात्री ९.१०

चार महिन्यांनी लिहितेय. तुमच्यातल्या प्रत्येकाचं काही ना काही आम्ही उचललंय, म्हणून काय झालं ते सांगणं माझं कर्तव्य आहे.

आधी जे फसलं ते. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप केला, सकाळी प्रत्येकानं नमस्कार टाकायचा. पंधरा दिवसांत फुलांची चित्रं आणि सुविचार एवढे आले की कुणाचा नमस्कार आला नाही हे दिसेनाच. मंडळातल्या मुलांच्या फोनच्या पाळ्या लावल्या, त्या परीक्षेच्या दिवसांत मोडल्या. मुलांचा दोष नाही.

बाईंनी सांगितल्याप्रमाणे आजींना विचारायला गेले. त्या म्हणाल्या, "मला पहाटे साडेचारला जाग येते. उजाडेपर्यंत काय करायचं तेवढं सांग." मग त्यांच्याशीच बोलून ठरलं. आळीतल्या एकट्या माणसांनी उठल्यावर दाराबाहेर पाण्याचा सडा टाकायचा, किंवा ते जमत नसेल तर कडीला लावलेली कापडी पिशवी आत घ्यायची. साडेसातला आजी वॉकर घेऊन आळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जातात. सोबत शाळेला निघालेली एक मुलगी असते. ज्याच्या दारात सडा नाही, तिथं कडी वाजवायची. आठपर्यंत उघडलं नाही तर मला. प्रत्येक घराची एक किल्ली शेजारच्या घरात आहे. दूधवाल्यालाही सांगून ठेवलंय, कालची पिशवी तशीच दिसली तर न बोलता पुढे जायचं नाही.

डिसेंबरात एकदा वरच्या घरात सडा नव्हता. काकांना थंडी वाजून ताप भरला होता, उठता येत नव्हतं. पावणेआठला आम्ही आत होतो.

फिजिओ म्हणाले तसे सात घरांत मोरीत दांडे बसले, गवंडी आमच्याच आळीतला. नोव्हेंबरात पोस्टमन येऊन नऊ दाखले करून गेला, त्यातले चार चेहऱ्यावरून. सांगलीच्या दादांची वही आमच्याकडे आता निळ्या पुठ्ठ्याची आहे. केरळसारखं अजून काही जमलेलं नाही, पण दोन मुली नर्सिंगच्या आहेत, त्या शिकवायला तयार आहेत.

हॉल झाला नाही. गुलमोहर, रागावू नका. त्या पैशांतून चढावर तीन बाक केले. पहिल्या आठवड्यात पोरंच मोबाइल घेऊन बसायची. आता दुपारी चार वाजता मधल्या बाकावर बायका मेथी घेऊन येतात. सासूबाई परवा राजवाड्यापर्यंत जाऊन कोथिंबिरीच्या दोन जुड्या घेऊन आल्या. तीन वेळा बसल्या आणि आल्या.

---

जावळीचा_पोरगा
१६ फेब्रुवारी, सकाळी ६.५०

ताई, बाक किती उंचीचं केलंत? फाट्यावर एक आणि चढाच्या मधी एक बसवायचं म्हणतोय. मंडळ पैसे द्यायला तयार झालंय.

---

तळ्याकाठची
१६ फेब्रुवारी, सकाळी ७.०५

जमिनीपासून अठरा इंच. त्याहून बुटका केलात तर गुडघेदुखीवाल्यांना उठता येत नाही. पाठ हवीच, आणि दोन्ही बाजूंना हात हवेत, त्यावर जोर देऊनच उठतात सगळी. आमचा पहिला बाक बिनहाताचा झाला होता, तिथं कुणी बसेना, नंतर लोखंडी हात जोडून घेतले. सिमेंटचा उन्हात तापतो, तेव्हा झाडाखालची जागा बघा. चढाच्या मधला बाक कुठं हवा ते तुम्ही नका ठरवू. आईला चालत वर येऊ द्या, आणि जिथं ती कमरेवर हात ठेवून थांबेल तिथं खूण करा.

आजी निघाल्या, मी येते.